प्रकाशाने होणारा कर्करोगाचा उपचार अधिक गुणकारी कसा होईल?

आरोग्य : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात ‘फोटोडायनॅमिक थेरपी’ या उपचारपद्धतीवर एक छोटे टिपण आले होते. रुग्णाला प्रकाशसंवेदी औषध द्यायचे, ते कर्करोगाच्या पेशींमध्ये साठू द्यायचे आणि मग ठरावीक रंगाचा प्रकाश तेवढ्याच जागेवर टाकून त्या पेशी मारायच्या, असा त्याचा सारांश होता. त्यावर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली आहेत. उपचार इतका नेमका असेल तर तो सर्रास का वापरला जात नाही आणि त्याचा गुण वाढावा म्हणून काय चालले आहे, हा बहुतेक पत्रांचा रोख आहे. त्यांतील निवडक प्रश्नांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : औषध गाठीत पोचले आणि प्रकाशही पोचला, तरी गाठीचा काही भाग जिवंत राहू शकतो, असे वाचले. मग कमी काय पडते? (विज्ञान शिक्षिका, अमळनेर)

उत्तर : बहुतेक वेळा कमी पडतो तो ऑक्सिजन. या उपचाराला औषध, प्रकाश आणि ऑक्सिजन ही तिन्ही एकाच जागी, एकाच वेळी हजर असावी लागतात. औषध स्वतः विषारी नसते आणि नुसता लाल प्रकाशही पेशीला मारत नाही. औषधाचा रेणू प्रकाश शोषून उत्तेजित होतो आणि ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनच्या रेणूला देतो. त्यातून ‘सिंग्लेट ऑक्सिजन’ नावाचे अत्यंत क्रियाशील रूप तयार होते. ते इतके अल्पजीवी असते की एका पेशीची रुंदी ओलांडण्याआधीच संपते. उपचार नेमका होतो तो त्यामुळेच, पण त्यामुळेच तो अपुराही राहू शकतो, कारण ज्या कोपऱ्यात ऑक्सिजन नाही त्या कोपऱ्यातली पेशी वाचते.

ही तिन्हींची सांगड कशी उलगडली, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगण्यासारखे आहे. म्युनिकमध्ये हर्मान फॉन टापायनर यांच्या हाताखाली ऑस्कर राब हा वैद्यकाचा विद्यार्थी अ‍ॅक्रिडीन या रंगद्रव्याचा पॅरामीशियम या एकपेशीय सूक्ष्मजीवावर काय परिणाम होतो, ते पाहत होता. रंगद्रव्याचे प्रमाण तेच असूनही कधी जीव लवकर मरत, तर कधी बराच वेळ तग धरत. हा फरक खोलीत त्या वेळी असलेल्या उजेडामुळे पडतो, हे त्याच्या ध्यानात आले आणि १९०० साली त्याने ते प्रसिद्ध केले. ऑक्सिजनशिवाय ही क्रिया घडत नाही, हे टापायनर यांच्या पुढच्या कामातून स्पष्ट झाले.

आता गाठीकडे वळू. कर्करोगाची गाठ भराभर वाढते, पण तिच्यातल्या रक्तवाहिन्या त्या मानाने वेड्यावाकड्या आणि अपुऱ्या असतात. रक्तवाहिनीपासून एक-दोन दशांश मिलिमीटर दूर असलेल्या पेशींनाही ऑक्सिजनचा तुटवडा भासतो. त्यात उपचार स्वतःच ऑक्सिजन खर्च करतो. फार प्रखर प्रकाश टाकला तर रक्तातून जेवढा ऑक्सिजन येतो त्याहून अधिक वेगाने तो संपतो आणि त्यानंतर टाकलेला प्रकाश जवळजवळ वाया जातो. शिवाय उपचाराने त्या भागातल्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात किंवा बंद होतात. हे गाठीला उपाशी मारण्यासाठी उपयोगी असले, तरी फार लवकर घडले तर पुढच्या क्रियेचा ऑक्सिजन तुटतो.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे घाई न करणे. तेवढाच एकूण प्रकाश कमी तीव्रतेने, अधिक वेळ दिला तर ऑक्सिजन भरून निघायला अवधी मिळतो. दुसरा मार्ग प्रकाश टप्प्याटप्प्याने देण्याचा. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथील डॉक्टरांनी त्वचेच्या वरवरच्या बेसल सेल कर्करोगावर दर चौरस सेंटिमीटरला आधी २० ज्यूल, मग दोन तासांची विश्रांती आणि नंतर ८० ज्यूल असा क्रम वापरला, आणि एकदाच प्रकाश देण्यापेक्षा त्याचे निष्कर्ष चांगले आले. मधल्या दोन तासांत पेशी औषधाचे सक्रिय रूप पुन्हा तयार करतात, हाही त्यातला एक लाभ आहे. यासाठी ना नवे औषध लागले, ना महागडे यंत्र. वेळापत्रक तेवढे बदलले. या क्षेत्रातल्या सुधारणांमध्ये मला ही सर्वांत मोलाची वाटते, कारण ती कोणत्याही रुग्णालयाला करता येण्याजोगी आहे.

याशिवाय रुग्णाला उच्च दाबाखाली ऑक्सिजन देऊन उपचार करणे, ऑक्सिजन वाहून नेणारी फ्लोरिनयुक्त संयुगे सूक्ष्म कणांतून गाठीत पोचवणे, गाठीतल्याच हायड्रोजन पेरॉक्साइडपासून ऑक्सिजन निर्माण करणारे मँगनीज डायऑक्साइडचे कण वापरणे, आणि ऑक्सिजनवर कमी अवलंबून राहणारी औषधे शोधणे, असे अनेक प्रयत्न चालू आहेत. यांपैकी सूक्ष्म कणांचे काम प्रामुख्याने प्रयोगशाळेतील उंदरांवर झाले आहे, हे वर्तमानपत्रातील बातमी वाचताना लक्षात असू द्यावे.

प्रश्न : औषध फक्त कर्करोगाच्याच पेशीत साठावे, निरोगी पेशीत नाही, यासाठी काय करतात? (फार्मसीचा विद्यार्थी, धुळे)

उत्तर : येथे तीन पिढ्यांचे तीन मार्ग लक्षात घ्यावे लागतील. पहिल्या पिढीतील पोर्फायमर सोडियम, म्हणजे फोटोफ्रिन, अमेरिकेतील बफेलो येथील रॉसवेल पार्क संस्थेत टॉमस डॉहर्टी यांनी १९७०च्या दशकात केलेल्या कामातून पुढे आले. १९९३ साली कॅनडात मूत्राशयाच्या आणि १९९५ साली अमेरिकेत अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली. हे औषध शिरेतून देतात आणि साधारण ४० ते ५० तासांनी ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश टाकतात. मधल्या काळात ते निरोगी ऊतींतून बऱ्याच अंशी निघून जाते, पण त्वचेत मात्र आठवडेच्या आठवडे रेंगाळते.

दुसरा मार्ग अधिक कल्पक आहे. त्यात औषध म्हणून ५-अमिनोलेव्हुलिनिक आम्ल देतात. हा पदार्थ आपले शरीर हीम, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनचा लोहयुक्त भाग, बनवण्यासाठी एरवीही तयार करते. पेशी त्यापासून प्रोटोपोर्फिरिन बनवते आणि त्यात लोह बसले की हीम तयार होते. कर्करोगाच्या अनेक पेशींत ही शेवटची, लोह बसवण्याची पायरी मंद असते, त्यामुळे प्रोटोपोर्फिरिन तुंबते, आणि तेच प्रकाशसंवेदी असते. म्हणजे औषध बाहेरून न देता ते रोगट पेशीकडूनच बनवून घेतले जाते. गुण वाढवण्याचा प्रयत्न करणाऱ्यांनी नेमका याच पायरीवर हात घातला आहे. लोह बांधून ठेवणारे पदार्थ दिले तर प्रोटोपोर्फिरिन अधिक साठते. तसेच, उपचारापूर्वी काही दिवस ‘ड’ जीवनसत्त्व किंवा मेथोट्रेक्सेट, ५-फ्लुओरोयुरॅसिल ही कर्करोगावरची औषधे दिल्यानेही त्याचे प्रमाण वाढते, असे त्वचेच्या रोगांवरील अभ्यासांत दिसले आहे. मात्र हे वाचून कोणीही आपल्या मनाने ‘ड’ जीवनसत्त्वाचे मोठे डोस सुरू करू नयेत. मेथोट्रेक्सेटसारखे औषध तर देखरेखीशिवाय जिवावर बेतू शकते.

तिसरा मार्ग औषधाला पत्ता चिकटवण्याचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील हिसाताका कोबायाशी यांनी कर्करोगाच्या पेशीवरील प्रथिनाला जाऊन चिकटणाऱ्या प्रतिपिंडाला एक रंगद्रव्य जोडले. सेटुक्सिमॅब सॅरोटालोकॅन या औषधाला सप्टेंबर २०२० मध्ये जपानने डोके व मानेच्या, शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या कर्करोगासाठी मान्यता दिली. त्यावर ६९० नॅनोमीटरचा प्रकाश टाकतात. तोंडाचे आणि घशाचे कर्करोग याच गटात मोडत असल्यामुळे आपल्याकडील डॉक्टरांनी या औषधाकडे लक्ष ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

प्रश्न : आमच्या नात्यातील एका गृहस्थांच्या यकृतात गाठ आहे. प्रकाश एवढ्या आत जाऊ शकतो का? (केळी उत्पादक, रावेर)

उत्तर : बाहेरून नाही. अंधारात तळहातामागे बॅटरी पेटवून धरली तर बोटे लाल दिसतात, निळी किंवा हिरवी दिसत नाहीत, कारण रक्तातील हिमोग्लोबिन निळा-हिरवा प्रकाश गिळून टाकते आणि लाल प्रकाश त्यातून वाट काढतो. पण तोही उपचाराला पुरेल इतक्या प्रमाणात काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरभर जातो. म्हणून लांब तरंगलांबीला प्रतिसाद देणारी औषधे शोधली जातात. साधारण ६५० ते ८५० नॅनोमीटर हा पट्टा ऊतींतून सर्वांत सहज जातो.

फुप्फुसाच्या नळीत किंवा अन्ननलिकेत दुर्बिणीच्या वाटेने काचतंतू नेऊन प्रकाश आतच सोडतात. भरीव अवयवात सुईतून असे तंतू खोवता येतात. पुरःस्थ ग्रंथीच्या म्हणजे प्रोस्टेटच्या कमी धोक्याच्या कर्करोगासाठी पॅडेलिपोर्फिन हे ७५३ नॅनोमीटरवर काम करणारे औषध युरोपात २०१७ साली मान्य झाले. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेच्या सल्लागार समितीने मात्र फेब्रुवारी २०२० मध्ये त्याच्या विरोधात मत दिले. लांब तरंगलांबीचे औषध मिळाले म्हणून प्रश्न सुटला असे होत नाही, हे यावरून दिसते. कोणत्या रुग्णाला त्याचा खरोखर लाभ आहे, हे वेगळे सिद्ध करावे लागते. क्ष-किरण शोषून त्यांचे दृश्य प्रकाशात रूपांतर करणारे कण गाठीत ठेवावेत, अशीही एक कल्पना अभ्यासली जात आहे, पण आपल्या नातेवाइकांच्या निर्णयाला तिचा आज उपयोग नाही. त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया, रक्तवाहिनीतून गाठीवर थेट औषध देणे किंवा गाठ जाळणे यांपैकी काय शक्य आहे, हे मोठ्या कर्करोग रुग्णालयात, उदाहरणार्थ मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये, यकृताच्या तज्ज्ञांना विचारावे. प्रकाशाच्या आशेवर वेळ घालवू नये.

प्रश्न : आमचे आप्पा वीस वर्षे तंबाखू आणि गुटखा खातात. आता गालाच्या आतून पांढरट-लालसर चट्टा आला आहे आणि तोंडही पूर्वीसारखे उघडत नाही. शस्त्रक्रियेने चेहरा विद्रूप होईल, या भीतीने ते दवाखान्यात यायलाच तयार नाहीत. हा उपचार त्यांना चालेल का? (एक मुलगा, चोपडा)

उत्तर : आधी आप्पांना तपासायला न्या. हा उपचार चालेल की नाही, हे चट्ट्याचा तुकडा तपासल्याशिवाय आणि तो किती खोल गेला आहे हे पाहिल्याशिवाय कोणीही सांगू शकणार नाही. धुळे आणि जळगाव येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही तपासणी सुरू करता येईल. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी तो मिळतो आणि आपल्या भागात तो किती घरांत पोचला आहे, हे आपण सर्वजण जाणतो. आप्पांची भीती खोटी नाही. म्हणून त्यांना दटावण्याऐवजी हे सांगा की चट्टा जितका लहान आणि उथळ, तितके चेहरा वाचवणारे पर्याय अधिक असतात.

तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगावर या उपचाराचा आपल्या देशातील एक अनुभव उपलब्ध आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी, मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील तय्यबा हसन आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या बॉस्टन केंद्रातील जोनाथन सेली यांच्या गटांसोबत, बॅटरीवर चालणारे स्वस्त एलईडी उपकरण वापरून पाहिले. महागड्या लेझरची आणि अखंड विजेची गरज त्यात उरत नाही. चट्टे २ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि ५ मिलिमीटरपर्यंतच खोल असलेल्या रुग्णांनाच त्यात घेतले होते. वजनाच्या दर किलोला ६० मिलिग्रॅम अमिनोलेव्हुलिनिक आम्ल पाण्यातून पाजून नंतर दर चौरस सेंटिमीटरला एकूण १०० ज्यूल प्रकाश देण्यात आला. त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग वेगळाच आहे. प्रोटोपोर्फिरिनवर निळा प्रकाश टाकला की ते लाल चमकते, म्हणून स्मार्टफोनला एक जोड देऊन उपचारापूर्वी औषध चट्ट्यात खरोखर साठले आहे का, आणि उपचारानंतर ते वापरले गेले का, हे त्यांनी पाहिले. उपचार अनेकदा फसतो तो डोस अंदाजाने दिल्यामुळे. औषध किती साठले हे न पाहता सर्वांना सारखाच प्रकाश दिला, तर कोणाला तो कमी पडतो आणि कोणाला जास्त होतो. मोजून देणे हीच गुण वाढवण्याची सर्वांत खात्रीची वाट आहे, आणि ती साध्या साधनांनी जमते हे अलीगढच्या कामाने दाखवले.

या उपचाराचा मोठा लाभ असा की ऊतींचा कोलाजेनचा सांगाडा बराचसा शाबूत राहतो, त्यामुळे जखम कमी व्रण ठेवून भरते. किरणोत्सर्गाप्रमाणे आयुष्यभराच्या डोसची मर्यादाही येथे नाही. गरज पडल्यास तो पुन्हा देता येतो आणि नंतर शस्त्रक्रियेचा मार्गही बंद होत नाही.

पण दोन अडचणी स्पष्ट सांगायला हव्यात. तोंड कमी उघडते, म्हणजे आप्पांना सबम्युकस फायब्रोसिस असण्याची शक्यता आहे. त्यात गालाचे अस्तर कडक होते आणि तिथला रक्तपुरवठा कमी होतो, म्हणजे पहिल्या उत्तरात सांगितलेली ऑक्सिजनची अडचण येथेही येऊ शकते. प्रकाशाचे टोक चट्ट्यासमोर सरळ धरणेही कठीण जाते. दुसरी गोष्ट, हा उपचार जिथे प्रकाश पडतो तिथेच होतो. रोग मानेतल्या गाठींपर्यंत गेला असेल, तर गालावर प्रकाश टाकून त्या बऱ्या होणार नाहीत. अशा वेळी डॉक्टरांनी शस्त्रक्रिया सुचवली, तर ती स्वीकारण्यासाठी आप्पांचे मन वळवा. तंबाखू तर आजच सुटली पाहिजे.

प्रश्न : बावची लावून उन्हात बसण्याचा जुना उपाय आणि हळदीचा लेप हेही याच तत्त्वावर चालतात का? घरी करता येईल का? (शहादा)

उत्तर : बावचीत सोरालेन असते आणि ते अतिनील किरणांनी जागृत होते. कोडावर आपल्याकडे ते फार पूर्वीपासून वापरले गेले, आणि आधुनिक वैद्यकातही सोरालेन व अतिनील किरण यांचा उपचार कोड, सोरायसिस आणि त्वचेच्या एका प्रकारच्या लिम्फोमासाठी होतो. पण तिथे औषध पेशीच्या डीएनएशी थेट जोडले जाते आणि ऑक्सिजनची गरज पडत नाही. त्यामुळे तत्त्व वेगळे आहे. हळदीतील कर्क्युमिन प्रकाशसंवेदी आहे खरे, पण ते निळ्या प्रकाशाने जागे होते, जो त्वचेत फारसा शिरत नाही, आणि पोटात घेतलेले कर्क्युमिन रक्तात अगदी कमी पोचते. कर्करोगाच्या जखमेवर यांपैकी काहीही घरी करू नये. बावचीने उन्हात भाजल्याचे फोड येतात, आणि लेपाच्या नादात गेलेले महिने परत येत नाहीत.

प्रश्न : हा उपचार घेतल्यावर ऊन चालत नाही म्हणतात. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. रुग्णाने काय करावे? (भुसावळ)

उत्तर : शक्य असेल तेव्हा डॉक्टरांशी बोलून उपचाराची तारीख पावसाळ्यात किंवा हिवाळ्यात घ्यावी, मात्र त्यासाठी रोग वाढू देऊ नये. औषधानुसार पथ्याचा काळ बदलतो. अमिनोलेव्हुलिनिक आम्ल पोटातून घेतल्यास साधारण एक-दोन दिवस आणि फोटोफ्रिनसाठी किमान ३० दिवस काळजी घ्यावी लागते. येथे त्रास उष्णतेचा नसून प्रकाशाचा आहे. म्हणून ढगाळ दिवशीही बाहेर जाताना पूर्ण बाह्यांचे घट्ट विणीचे कपडे, डोक्यापासून मानेपर्यंत उपरणे, हातमोजे आणि गडद चष्मा हवा. बाजारातील नेहमीचे सनस्क्रीन प्रामुख्याने अतिनील किरण अडवते, दृश्य प्रकाश नव्हे, त्यामुळे त्यावर विसंबू नये. वेल्डिंगचा झोत, दंतवैद्याचा दिवा आणि शस्त्रक्रियागृहातील दिवेही टाळावेत, आणि दुसऱ्या कोणत्याही दवाखान्यात जाताना हे औषध घेतल्याचे आधी सांगावे. पोर्फिरिया, म्हणजे हीम बनवण्याची क्रिया बिघडल्याने होणारा आजार, असलेल्यांना अशी औषधे देत नाहीत.

मात्र खिडक्या बंद करून काळोखात महिनाभर बसणे हेही चुकीचे आहे. घरातला मंद उजेड त्वचेतील औषध हळूहळू निकामी करतो, म्हणून साध्या दिव्याच्या उजेडात वावरावे. फोटोफ्रिन घेतलेल्यांनी ३० दिवसांनंतर त्वचेचा लहानसा भाग, चेहरा सोडून, दहा मिनिटे उन्हात धरून पाहावा आणि २४ तास वाट पाहावी. लाली, सूज किंवा फोड आले नाहीत तर हळूहळू उन्हात जायला सुरुवात करावी. आल्यास आणखी दोन आठवडे पथ्य पाळून तीच चाचणी पुन्हा घ्यावी.